बुधवारच्या आत टोकन देऊ नको

बेटा,

तुझा मेसेज काल रात्री पाहिला. फोनच करणार होतो पण तू ऑफिसात असतो आणि मला फोनवर अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत, म्हणून लिहूनच पाठवून राहिलो. तू नागपूरजवळ बेसा-पिपळाकडं ३० बाय ५० चा प्लॉट पाहिला, एजंटनं रविवारी स्वतःच्या गाडीनं नेलं, समोसे खाऊ घातले, आणि बुधवारपर्यंत एक लाख टोकन द्या नाहीतर दुसरी पार्टी रेडी आहे म्हणाला. ही दुसरी पार्टी मी २००३ पासून ऐकून राहिलो बाबू, अजून कोणी डोळ्यानं पाहिली नाही.

माझं प्रकरण तुझ्या बाबांना माहीत आहे, तुला बहुतेक नसेल. २००३ मध्ये मी एका सोसायटीचा १५०० फुटाचा प्लॉट घेतला, रजिस्ट्री झाली, इंडेक्स टूवर (रजिस्ट्रीचा उतारा) माझं नाव, तुझी काकू त्या दिवशी पेढे घेऊन आली. २०११ मध्ये घर बांधायचं म्हणून मोजणी लावली तर मोजणीवाल्यानं मागची खुंटी ठोकली ती थेट नाल्याच्या उतारावर, प्लॉटचे शेवटचे ११ फूट नाल्यात. मग मी घरी येऊन पहिल्यांदा कागद नीट वाचले. सातबाऱ्यावर जमीन २ एकर, म्हणजे ८७,१२० फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडली तर एकरामागं ढोबळमानानं २५-२६ हजार फूटच प्लॉटसाठी उरते, म्हणजे १५०० चे ३४-३५ प्लॉट. आमच्या नकाशावर होते ५२! एवढा हिशोब मला २००३ मध्येही येत होता, पण नकाशावर गोल शिक्का होता न, शिक्का पाहिला की आपण आकडे पाहतच नाही. आणि तो शिक्का होता ग्रामपंचायतीचा, जिला लेआउट मंजूर करायचा अधिकारच नसतो.

म्हणून तू पहिलं काम हे कर, एजंटकडून मौजा म्हणजे गाव, खसरा म्हणजे सर्व्हे नंबर आणि प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर लिहून घे (ब्रोशर नको, ह्या तीन गोष्टी दे म्हण, चेहरा पाहत राहा) आणि डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात ऑनलाइन निघतो तो स्वतः काढ, त्यानं दिलेली झेरॉक्स चालणार नाही. मग एकर गुणिले २५-२६ हजार फूट असा हिशोब कर आणि नकाशावरचे प्लॉट मोज.

सातबाऱ्यावर नाव जुळलं की लोक खुश होतात, पण खरी गंमत खाली 'इतर हक्क' या रकान्यात असते. बँकेचा बोजा, कुळ, कोर्टाचा स्टे, सगळं तिथं. भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही, तिथंच विषय संपव. मागचे ३० वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढायला सांग वकिलाला, आणि वकील तुझा पाहिजे, एजंटचा "आपलाच माणूस" नको. फेरफारात वारसांमध्ये एखादी बहीण दिसते आणि पुढं विक्रीपत्रावर तिची सही नसते, असं आपल्याकडं इतकं कॉमन आहे की मी आता पहिले बहिणीच मोजतो.

आणखी एक आपल्या विदर्भातलं, झुडपी जंगल, म्हणजे जुन्या रेकॉर्डला खुरट्या झुडपांची म्हणून नोंदलेली जमीन. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा शब्द सांगितला तर हसेल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या रेकॉर्डला अशी नोंद असलेली जमीन भरपूर आहे, आणि २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ती वनजमीनच असं सांगितलं, म्हणून अशी नोंद निघाली का तेही बघून घे. शहरातला जुना प्लॉट असेल तर नझूल (सरकारी जमीन) किंवा लीजचा आहे का तेही पाय, तुझ्या बेसाच्या केसमध्ये तो प्रश्न कमी.

जाहिरातीत एनएटीपी (बिगरशेती आणि टाउन प्लॅनिंगची मंजुरी), आरएल (रिलीज लेटर) असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल. बरं आहे, पण आदेशाचा नंबर आणि तारीख घे आणि एनएमआरडीएत (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) जाऊन मंजूर नकाशाची प्रत स्वतः माग, शहराच्या हद्दीतलं असतं तर नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा महापालिका. तिथंच झोन दाखलाही माग, नाहीतर प्लॉटमधून डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) जातो हे प्लिंथ झाल्यावर कळते. ५०० चौरस मीटरच्या वरचा नवीन लेआउट महारेरात रजिस्टर लागतो, नंबर टाकून पाय. "गुंठेवारीत होऊन जाईल", म्हणजे मंजुरी नसलेला प्लॉट मागाहून नियमित होईल, असं कोणी म्हटलं तर हात जोडून निघ. २००१ च्या गुंठेवारी कायद्यापासून नागपुरात ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउटचं गाऱ्हाणं लोक ऐकत आलेत, त्या रांगेत तू कशाला उभा राहतो.

आता साइटवर जा, पण एजंटशिवाय, आणि पाऊस पडून गेल्यावर. बूट काळ्या मातीत फसला तर समज की उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतील, पायाचा खर्च वाढेल, म्हणजे भाव तेवढा खाली पाहिजे. कोराडी-खापरखेड्याकडून येणाऱ्या टॉवर लाइनी कुठून जातात ते वर मान करून पाय, नकाशात ते दाखवत नाहीत. पोचरस्ता कोणत्या खसऱ्यातून येतो विचार, बरेचदा तो बाजूच्या शेतकऱ्याचा असतो आणि त्यानं एक दिवस तार घातली की झालं. कोपऱ्यावर चहावाला असेल तर दोन चहा घे, २३ सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री इथं किती पाणी होतं विचार. अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन शहरात जे झालं ते सगळ्यांना आठवते, पण आपल्या लेआउटचं पाणी चहावाल्यालाच माहीत असते.

पैशाचं थोडक्यात. २०,००० किंवा जास्त कॅश द्यायची नाही, इन्कम टॅक्सवाले विचारतात. इसारपत्र रजिस्टर कर, पेपरात जाहीर नोटीस दे, मोजणी त्यांच्याच खर्चानं माग, आणि तुझ्याकडं पूर्ण पैसे असले तरी बँकेत लोनचा अर्ज टाक, बँकेनं नाही म्हटलं तर का ते विचार, तेवढ्यासाठी प्रोसेसिंग फी गेली तरी चालते.

मी रविवारी सकाळी सातला टेप घेऊन येतो, एजंटला सांगू नको. तोपर्यंत सातबारा काढून ठेव आणि ५२ सारखा काही आकडा निघाला तर रात्रीच फोन कर.

काका