गोळ्या सुरू केल्या आणि आजार वाढला: मग गोळ्या थांबवाव्यात का?

एचआयव्हीचा उपचार नुकताच सुरू झालेल्या व्यक्तींकडून समुपदेशन कक्षात मी वरचेवर ऐकते तो प्रश्न असा: ‘गोळ्या घेण्याआधी मी हिंडतफिरत होतो, गोळ्या सुरू झाल्या आणि अंथरूण धरले, म्हणजे या गोळ्या मला मानवत नाहीत, असेच ना?’ हे विचारायला जे येतात, त्यांची मला तितकीशी काळजी वाटत नाही. जे कुणालाही न विचारता घरीच गोळ्या बंद करतात आणि पुढच्या तारखेला फिरकतच नाहीत, त्यांची वाटते. म्हणून एका महिलेचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सारे तपशील बदलून, येथे सविस्तर मांडत आहे.

ही महिला पस्तिशीच्या आसपासची होती. निदान होण्याआधीच्या वर्षभरात तिचे वजन सतत घटत होते, जिभेवर व टाळूवर पांढरी बुरशी येऊन जात होती आणि एकदा छातीच्या एका बाजूला नागीणही उठली होती. प्रत्येक तक्रारीवर वेगळे औषध मिळाले आणि प्रत्येक वेळी तात्पुरते बरेही वाटले. परंतु या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून एचआयव्हीची तपासणी करण्याचा सल्ला मिळेपर्यंत बराच काळ गेला. तपासणी झाली तेव्हा तिच्या सीडी४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची, संख्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे ३८ होती. निरोगी प्रौढ व्यक्तीत ती साधारणपणे ५०० ते १५०० असते आणि २०० च्या खाली गेली की आजार प्रगत अवस्थेत पोहोचला असे मानतात. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तिन्ही औषधे असलेली एक गोळी व सोबत इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल, असा तिचा उपचार सुरू झाला. त्याआधी क्षयरोगाची विचारपूस झाली होती, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीसाठीची रक्ततपासणीही निर्दोष आली होती.

पहिले चार आठवडे चांगले गेले. भूक लागू लागली, तोंड स्वच्छ झाले. पाचव्या आठवड्यात मात्र संध्याकाळी ताप भरू लागला आणि मानेच्या उजव्या बाजूला एक गाठ दिसू लागली, जी आठवड्याभरात सुपारीएवढी झाली. ती धाकट्या भावाला घेऊन आली. त्याने गोळ्यांची बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “मॅडम, ताई सुधारत होती हो. आता सगळे म्हणताहेत, औषध अंगावर उठलंय, थोडे दिवस बंद ठेवून बघा.” ती स्वतः बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढेच म्हणाली, “मी अजून बंद केल्या नाहीत. पण आज रात्रीची घेऊ का नको, तेवढं सांगा.”

मी तिला सांगितले की आजची गोळी घ्यायचीच, आणि गाठ व ताप दोन्ही आजच डॉक्टरांना दाखवायचे. या दोन गोष्टी मी नेहमी एकत्रच सांगते. ‘गोळ्या चालू ठेवा’ एवढाच सल्ला अपुरा असतो, कारण नव्या तक्रारीमागे काहीही असू शकते: औषधाचा दुष्परिणाम, एखादा नवा संसर्ग, गोळ्या चुकल्यामुळे पुन्हा वाढलेला विषाणू, किंवा प्रतिकारशक्ती परत येत असताना उठणारा दाह. केवळ बोलण्यावरून यांतला फरक कळत नाही, त्यासाठी तपासण्याच कराव्या लागतात. त्या दिवशी मी बाटलीतल्या गोळ्या तिच्यासमोर मोजल्या. जितक्या उरायला हव्या होत्या, तितक्याच उरल्या होत्या. दुसरे काही औषध चालू आहे का, हेही विचारले, तेव्हा रक्तवाढीसाठी लोहाची गोळी ती याच गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेते, असे समजले. लोह, कॅल्शियम आणि काही आम्लपित्तनाशके डोल्युटेग्राविर शरीरात नीट शोषू देत नाहीत. म्हणून डोल्युटेग्राविर त्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. लोह किंवा कॅल्शियम एकत्रच घ्यायचे असेल, तर जेवणासोबत घ्यावे. असे बारीक प्रश्न विचारल्याशिवाय ही माहिती कुणी आपणहून देत नाही, कारण ताकदीची गोळी म्हणजे औषध असे बहुतेकांना वाटतच नाही.

तपासण्या आल्या, तेव्हा विषाणूंचे प्रमाण सुमारे चार लाखांवरून सहाशेच्या खाली उतरले होते आणि सीडी४ संख्या ३८ वरून ९६ झाली होती. म्हणजे गोळ्या उत्तम काम करत होत्या. गाठीतून सुईने काढलेल्या नमुन्यात क्षयरोगाचे जिवाणू सापडले. हे ऐकताच तिने विचारले, “म्हणजे गोळ्यांनी मला टीबी दिला?”

हा गैरसमज अगदी स्वाभाविक आहे आणि तो घाईने उडवून लावू नये, असे माझे मत आहे. ज्याने गाठ आपल्या डोळ्यांनी वाढताना पाहिली, त्याला घटनाक्रम तसाच दिसतो. मी तिला सांगितले की क्षयरोगाचे जिवाणू तिच्या शरीरात आधीपासूनच होते. ताप, सूज, गाठ, पू ही सारी लक्षणे जंतूंइतकीच आपल्या प्रतिकारशक्तीच्या लढ्यातून निर्माण होतात. सीडी४ पेशी इतक्या कमी असतात तेव्हा शरीराला सूज आणण्याचेही बळ उरत नाही, आणि म्हणूनच तेव्हा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो व तपासणीत रोग निसटू शकतो. गोळ्यांनी विषाणू दबला, पेशी वाढू लागल्या आणि त्यांना दडून बसलेले जिवाणू सापडले. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर बधिर झालेला पाय मोकळा केला की आधी मुंग्या येतात, कळ येते. तसेच काहीसे हे आहे. वैद्यकात या अवस्थेला प्रतिकारशक्ती पुनर्स्थापनेचा दाह म्हणतात आणि डॉक्टरांच्या बोलण्यात ‘आयरिस’ हा शब्द येतो. सीडी४ संख्या फार कमी असताना उपचार सुरू झालेल्यांमध्ये तो अधिक आढळतो आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतो.

तिचा क्षयरोगाचा उपचार सुरू झाला. त्याच वेळी मी भावालाही समोर बसवून सांगितले की पुढच्या काही आठवड्यांत गाठ आणखी वाढू शकते, लाल होऊ शकते, फुटूही शकते, आणि तसे झाले तर घाबरून न थांबता लगेच यायचे. तिसऱ्या आठवड्यात नेमके तेच झाले. क्षयरोगाची औषधे चालू असतानाही सूज वाढण्याचा हा त्याच दाहाचा दुसरा प्रकार. मात्र औषधांना दाद न देणारा क्षयरोगही असाच दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांनी आधी ती शक्यता तपासून दूर केली आणि मगच काही आठवडे प्रेडनिसोलोन दिले. हे स्टेरॉइड दाह शमवते, परंतु ते आपल्या मनाने कधीही घेऊ नये. कापोसी सार्कोमा हा त्वचेवर जांभळट चट्टे आणणारा कर्करोग असेल, तर स्टेरॉइडमुळे तो बळावतो. एचआयव्हीच्या गोळ्या या साऱ्या काळात एकही दिवस बंद झाल्या नाहीत. दाह जिवावर बेतण्याइतका तीव्र असेल तरच त्या थांबवण्याचा विचार होतो, आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो.

याच्या अगदी उलट अडचण मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात येते. क्रिप्टोकॉकसमुळे मेंदूज्वर झालेल्या व्यक्तीला एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू करत नाहीत, आणि ‘इतका आजारी असूनही खरे औषध देत नाहीत’ म्हणून नातेवाईक संतापतात. त्यांचा संताप मला समजतो. पण या थांबण्यामागे ठोस कारण आहे. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एचआयव्हीचा उपचार एक-दोन आठवड्यांत सुरू केलेल्या रुग्णांपेक्षा सुमारे पाच आठवड्यांनी सुरू केलेले रुग्ण अधिक संख्येने वाचले. कवटीच्या बंदिस्त जागेत सूज वाढली तर ती जीवघेणी ठरते. म्हणून आधी बुरशीवरचे औषध देतात आणि चार ते सहा आठवड्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होतात. या आजारात पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याला बरेचजण नकार देतात, कारण त्याने माणूस लुळा पडतो अशी भीती खोलवर रुजलेली आहे. सुई टोचतात ती मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली. शिवाय डोक्यातला वाढलेला दाब त्या पाण्याबरोबर उतरतो, त्यामुळे दिवसेंदिवस न थांबणारी डोकेदुखी ते काढल्यावर हलकी झाल्याचे रुग्ण स्वतः सांगतात. दाब पुन्हा वाढला, तर पुन्हा पाणी काढावे लागते. त्याचा अर्थ आधीचा प्रयत्न फसला असा होत नाही.

डोळ्यांविषयी मी जरा हट्टाने बोलते. सीडी४ संख्या ५० च्या खाली असेल, तर सायटोमेगॅलो नावाचा विषाणू डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. त्यात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात, प्रकाश चमकल्यासारखा वाटतो किंवा दृश्याचा एखादा कोपरा पुसट होतो. दुसरा डोळा चांगला असल्याने हे लक्षातच येत नाही. एक तरुण माझ्याकडे गोळ्यांची तारीख विचारायला आला होता. मी त्याला तळहाताने डावा डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले, तर उजवीकडच्या दोन रांगा त्याला दिसतच नव्हत्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल असे समजून तो बरेच दिवस गप्प होता. पडद्याचा नष्ट झालेला भाग परत येत नाही, पण वेळेवर औषध मिळाले तर उरलेली दृष्टी वाचते, त्याची वाचली. तेव्हापासून सीडी४ कमी असलेल्या प्रत्येकाला मी एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय लावते.

बाकीच्या संसर्गांची यादी पाठ करून काही साधत नाही. चालताना किंवा जिना चढताना वाढत जाणारा दम आणि कोरडा खोकला न्युमोसिस्टिस या बुरशीमुळे असू शकतो. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांमध्ये आढळलेल्या याच न्युमोनियाच्या नोंदीतून एड्सकडे जगाचे प्रथम लक्ष गेले, आणि कोट्रायमोक्साझोलची ती साधी वाटणारी गोळी प्रामुख्याने त्यालाच अटकाव करते. ती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या मेंदूतील संसर्गापासूनही संरक्षण देते, ज्यात एका बाजूचा हात-पाय कमजोर होतो, झटके येतात किंवा वागणे बदलते. टोक्सोप्लाझ्माचे नाव निघाले की घरातले मांजर सोडून द्यावे का, असा प्रश्न येतो. सोडून देण्याची गरज नसते. त्याची विष्ठा दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावी, स्वतः करावी लागली तर हातमोजे घालून करावी आणि अर्धेकच्चे मांस खाऊ नये. चेहऱ्यावर मध्यभागी खळगा असलेल्या लहान गाठी उठल्या तर त्या मुरुमे समजू नयेत, कारण रक्तातून पसरलेल्या बुरशीचे ते चिन्ह असू शकते.

घरच्यांना लागण होईल का, ही चिंता प्रत्येक नावाबरोबर नव्याने उभी राहते. न्युमोसिस्टिस, क्रिप्टोकॉकस किंवा टोक्सोप्लाझ्मा असलेल्या व्यक्तीजवळ बसल्याने, तिच्या ताटात जेवल्याने किंवा तिची शुश्रूषा केल्याने घरच्यांना हे आजार होत नाहीत. फुप्फुसाचा क्षयरोग मात्र हवेतून पसरतो, त्यामुळे तेथे घरातल्या सर्वांची तपासणी आवश्यक असते. आमच्या या महिलेचा रोग गाठीपुरताच होता, तरीही फुप्फुसे तपासून तशी खात्री होईपर्यंत भाऊ वेगळ्या खोलीत झोपला आणि खात्री झाल्यावर त्याने आपणहून अंथरूण पुन्हा पूर्वीच्या खोलीत हलवले.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरचे रक्तातले प्रमाण घटवते, म्हणून त्या काळात तिला डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी सुमारे बारा तासांनी घ्यावी लागत होती. सहा महिन्यांनी क्षयरोगाचा उपचार संपला, त्या दिवशी ती दुसरी गोळीही बंद करायच्या तयारीने आली होती. रिफाम्पिसिन थांबले तरी त्याचा परिणाम काही दिवस टिकतो. म्हणून ती पुढे दोन आठवडे चालू ठेवायची असते आणि ती शेवटची तारीख मी तिच्या कार्डावर लिहून दिली. कोट्रायमोक्साझोल तिने अजून सोडलेले नाही. विषाणू दबलेला असताना सीडी४ संख्या २०० च्या वर, काही नियमांनुसार ३५० च्या वर, स्थिर राहिली की ते थांबवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. तिची संख्या सध्या १८८ आहे आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.