निमगोरा म्हणजे किती गोरा?

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा आहे. भाचीचा बायोडेटा भरताना 'वर्ण' या रकान्यापुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार पर्याय होते. निमगोरा आणि गव्हाळ यांत फरक काय, आणि हा 'निम' कुठला, कडुनिंबाचा तर नव्हे?

कडुनिंबाचा नव्हे. हा फारसी 'नीम', म्हणजे अर्धा. निमसरकारी, निमलष्करी, निमशहरी यांतला तोच. 'गोरा' संस्कृत 'गौर'वरून आलेला. तेव्हा निमगोरा हा शब्दच मुळात अर्धा फारसी नि अर्धा संस्कृत आहे. सावळा म्हणजे 'श्यामल'. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसाच इथेही 'म'चा 'व' झाला. जुन्या लिखाणात 'सांवळा' असा अनुस्वारही दिसतो, तो त्या गेलेल्या 'म'ची खूण.

गव्हाळ तर उघडच गव्हावरून. पण कुठल्या गव्हावरून? हे बघायला मी परवा रविवार कारंज्याजवळच्या एका भुसार दुकानात गेलो आणि एका तळव्यावर लोकवन, दुसऱ्यावर खपली घेऊन उजेडात धरून उभा राहिलो. लोकवन पिवळसर, खपली चांगलीच तांबूस. दुकानदार म्हणाला, "काका, दळायचाय की नुसता बघायचाय?" निफाडच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या गव्हाच्या वाणांना तर त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आपल्याकडचीच नावं आहेत. 'वर्ण : तपोवन गव्हाळ' असं लिहिलं तर निदान नेमकं तरी होईल!

वापर बघितला तर निमगोरा हा गव्हाळपेक्षा बोटभर उजळ धरतात. पण मुलगी एकच असते. तिच्याकडचे तिला निमगोरी म्हणतात, मुलाकडचे गव्हाळ.

रेघ सापडत नाही याचं कारण ती कातडीतच नाही. रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्याचा. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्यात आणि काळ्यात जवळपास सारख्याच असतात. त्या कुठल्या प्रकारचं मेलॅनिन किती बनवतात आणि त्याचे कण केवढे असतात, यावर छटा ठरते. हे ठरवणारं जनुक एक नाही, पुष्कळ आहेत. त्यांतल्या एसएलसी२४ए५ या जनुकाचं काम २००५ साली झेब्रामाशाच्या अभ्यासातून कळलं. त्याचं उजळ रंग देणारं रूप युरोपात जवळजवळ सगळ्यांत असतं आणि आपल्याकडेही भरपूर सापडतं. अशा अनेक जनुकांची वाटणी प्रत्येक मुलात निराळी होते, म्हणून एकाच आईबापांचा थोरला गोरा नि धाकटी सावळी. वर द्राक्षबागेत उन्हानं रापला तर थोरलाही गव्हाळात जमा.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. निमगोरा आहे, पण निमकाळा कुणी ऐकलाय? मोजायला सुरुवात गोऱ्यापासून, आणि पुढे नुसती घट. 'रंग जरा कमी आहे' म्हणतात, 'रंगाने डावी' म्हणतात. त्याहून बेरकी शब्द म्हणजे 'पण'. 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' गोरीच्या वाट्याला हा 'पण' येत नाही. आमची आत्या स्थळं सांगताना तो हमखास वापरायची. तीच पंचवटीत काळारामाचं दर्शन घेऊन आली की म्हणायची, "काय रूप आहे, नजर हलत नाही!" गोरारामाचं देऊळही पंचवटीतच आहे. संगमरवरी मूर्ती आहे. तिथे आत्या हात जोडायची नि पुढे निघायची.

तेव्हा ताई, रकाना रिकामा ठेवता येतो का ते आधी विचारा. नसेलच चालत, तर गव्हाळ लिहा. निमगोरा म्हटलं की मुलगी अर्ध्यावर राहते. गहू तरी अख्खा असतो.