जुन्या बीटलचा गिअरचा दांडा डळमळतोय, मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९६८ची फोक्सवॅगन बीटल तुमच्याकडे आली आहे, न्यूट्रलमध्ये गिअरचा दांडा चारी बाजूंना डुलतो, दुसरा गिअर आणि रिव्हर्स चाचपडत शोधावे लागतात. माझी विनंती आहे, गिअरबॉक्सला आत्ताच कुणाला हात लावू देऊ नका. ही लक्षणं बहुतेक वेळा दोन छोट्या भागांची असतात: गाडीच्या मधोमध जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यातला प्लास्टिकचा बुश, म्हणजे गिअरच्या रॉडला आधार देणारी कडी, आणि मागच्या सीटखालचा कपलर, म्हणजे तो रॉड गिअरबॉक्सला जोडणारा सांधा.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स एका गॅरेजने उतरवला, महिनाभर ठेवून परत बसवला आणि दांडा होता तसाच डुलत राहिला. नंतर मीच सीट उचलून पाहिलं, तर कपलरमधल्या रबराचा नुसता भुगा उरला होता. मेकॅनिक लबाड होता असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या जुन्या हातांना सवय फियाट-अँबेसिडरची. तिथे स्टिअरिंगवरच्या गिअरचे रॉड बॉनेट उघडलं की डोळ्यांसमोर येतात. बीटलचं इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे आणि दांडा पुढे. मधे एकच लांब रॉड, तोही त्या बोगद्यात लपलेला. दिसत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. मागची सीट काढा. बॅटरी तिथेच उजव्या बाजूला असते, तिची एक वायर सोडवून ठेवा. बोगद्याच्या मागच्या टोकाशी एका स्क्रूने बसवलेली छोटी पत्र्याची झाकणी आहे, ती उघडली की कपलर दिसतो. आता घरातल्या कुणाला तरी दांडा हलवायला सांगा आणि तुम्ही वरून बघत राहा. कपलरचा पुढचा भाग हलतो पण मागचा उशिरा हलतो, तर कपलर गेला. दांडा बराच डुलूनही कपलरपर्यंत हालचालच येत नाही, तर बुश झिजलाय. गाडी चालताना दांडा खडखडत असेल तर तोही बुशचाच आवाज. आणि दांड्याबरोबर कपलरची दोन्ही टोकं चोख हलत असूनही गिअर पडत नसेल, तेव्हा क्लचची केबल आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग तपासा. क्लच पेडलला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. गिअरबॉक्सच्या आतली शंका अगदी शेवटी.

सीट उचललीच आहे तर दोन्ही भाग एकदमच बदला. गाडी जुनी असली तरी सुटे भाग मिळतात, कारण मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी तयार झाली, तोपर्यंत उत्पादन चालूच होतं. कपलर घेताना फार कडक प्लास्टिकचा घेऊ नका. त्याने गिअर टणक पडतो खरा, पण गिअरबॉक्सची सगळी थरथर हातात येते. रोजच्या गाडीला मी रबराचाच बसवतो.

दांडा दोन बोल्टांवर आहे, १३चा पाना लागतो. बोल्ट सैल करण्याआधी दांड्याच्या बुडाभोवती मार्करने खूण करा आणि फोटो काढा. दांड्याखाली एक पातळ पत्रा निघेल. दांडा खाली दाबल्याशिवाय रिव्हर्स पडू नये हे काम त्याचं. तो उलटा बसला तर गिअर सापडणार नाहीत, म्हणून त्याची बाजूही फोटोत येऊ द्या.

मग मागून रॉड कपलरपासून सोडवा आणि दांडा काढलेल्या भोकातून पक्कडीने धरून सरकवा, म्हणजे बुश मोकळा होतो. जुन्या बुशचे तुकडे बोगद्यात पडले असतील तर तेही काढा. नवीन बुशवर तारेची गोल कडी असते. ती विसरू नका, नाहीतर तो काही दिवसांत पुन्हा खडखडेल. रॉड पुसून बुशला आणि दांड्याच्या खालच्या टोकाच्या गोळ्याला भरपूर ग्रीस लावा. रॉडवरची वाटी वरच्या बाजूला आली पाहिजे, दांड्याचं टोक तिच्यातच बसतं.

सगळ्यात जपायची जागा कपलरच्या मागच्या टोकाचा चौकोनी डोक्याचा स्क्रू. गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांडीवर एक खळगा आहे, स्क्रूचं टोक नेमकं त्यात बसायला हवं. मी पहिल्यांदा अंदाजाने आवळला होता. दोन दिवस गाडी छान चालली आणि खंबाटकीच्या चढावर कपलर निसटला. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकली, मागे ट्रकांची रांग, शेजारी आई बसलेली. तेव्हापासून मी आरसा धरून खळगा बघतो, स्क्रू आवळतो आणि त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून कपलरला बांधतो. ती तार मूळ कंपनीनेच दिलेली आहे, कुणी काढून टाकली असेल तर नवीन बांधा.

दांडा खुणेवर बसवून इंजिन बंद ठेवूनच सगळे गिअर टाकून बघा. रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबून डावीकडे आणि मागे न्यायचा. न दाबता रिव्हर्स पडत असेल किंवा दुसरा अडत असेल तर बोल्ट जरा सैल करून पत्रा केसभर सरकवा, पुन्हा बघा. याला अर्धा तासही लागू शकतो, लागू द्या. मग इंजिन चालू करून मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा.

सीट परत ठेवण्याआधी बॅटरीवर झाकण आहे ना, ते नक्की पाहा. नसेल तर जाड रबराचा तुकडा घाला. मागे वजनदार माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात, आणि त्यामुळे या गाड्यांनी पेट घेतलेला आहे.