पहाटे चारचा गजर

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. त्या कौतुकाची किंमत थकलेल्या पोरांच्या रूपानं माझ्या ओपीडीत बसलेली असते. या सदराला येणाऱ्या पालकांच्या पत्रांचा सूरही एकच, 'पोर आळशी झालंय'. आळशी पोर पुस्तक टाकून क्रिकेटला पळतं. थकलेलं पोर बॅट हातात असूनही पायरीवर बसून राहतं.

प्रश्न : स्मरणशक्तीसाठी कोणतं टॉनिक द्यावं? (देवगड)

कोणतंही नाही. बाटलीवरच्या हसऱ्या मुलाला तुमच्या मुलाचा पेपर लिहायचा नाहीये.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षाही देणार. रात्री बाराला झोपते, पहाटे चारला उठते. सासूबाई म्हणतात, पहाटे वाचलेलं विसरत नाही. हिला तर काहीच आठवत नाही. (चिपळूण)

कसं आठवेल? तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तास झोप लागते, तुमच्या लेकीला चार मिळतात. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. सासूबाईंच्या काळी दिवेलागणीनंतर तासाभरात घर निजायचं, म्हणून पहाट साधायची. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री लवकर डोळा लागत नाही, हा उर्मटपणा नव्हे. परवा एका मुलीनं मला वही दाखवली. एकाच ओळीखाली तीन रंगांच्या रेघा. 'डॉक्टर, ही ओळ मी कधी वाचली?'

आणि हे सोळा-सोळा तास अभ्यासाचे बोर्ड लावणारे क्लासवाले! सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये, असं केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये सांगितलं. तरी आठवीतच प्रवेश परीक्षांच्या तयारीचा 'फाउंडेशन' कोर्स विकतात. हे वेड आपलंच नाही. दक्षिण कोरियात, सेऊलमध्ये, खासगी शिकवण्या रात्री दहाला बंद कराव्यात असा नियम करावा लागला. चीननं 2021 मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी आणली, तर त्या बंद दाराआड चालू राहिल्या. पालकांची भीती कायद्याला जुमानत नाही.

गजर साडेसहाचा लावा, आणि आठ तास झोप भरेल अशा बेतानं रात्री दिवा मालवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. मुलींचा निम्मा 'अभ्यासाचा थकवा' कधीकधी रक्ताच्या कमतरतेचा निघतो. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर तिला घेऊन या.

प्रश्न : मोबाईल काढून घेऊ का? (मालवण)

रात्री, हो. माजघरात चार्जिंगला लावा. तुमचाही.

प्रश्न : रील बघून मुलगा म्हणतो, मला 'बर्नआउट' झालाय. हा रोग आहे का? (रत्नागिरी)

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडलेला शब्द आहे, आजाराचं नाव नव्हे. पण मुलगा खोटं बोलत नाहीये. दोन आठवडे उदासी, चिडचिड, आवडत्या गोष्टींतही मन नाही, असं असेल तर नैराश्य असू शकतं. ते डॉक्टर ठरवतील, रील नव्हे.

प्रश्न : मुलगा जेवत नाही. परवा म्हणाला, 'मी नसतो तर बरं झालं असतं.' देवाला गाऱ्हाणं घातलंय. परीक्षा झाल्यावर दाखवू का? (राजापूर)

आज. गाऱ्हाणं चालू राहू दे, पण त्याला गाडीत बसवा. एकटं सोडू नका. आंब्याच्या फवारणीची औषधं पडवीत असतील तर आत्ताच शेजाऱ्याकडे, कुलपात ठेवा. जिवाचं काही करावंसं वाटतं का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं खूळ डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. पेपर बुडाला तर पुरवणी परीक्षा असते. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबला असाल, तर तेवढा उशीर पुरे झाला.