वजनेही उचलायची आणि धावायचेही, मग ताकद का ओसरते?

प्रश्न : माझे वय ३४ असून काम बैठे आहे. तीन वर्षांपासून नियमितपणे जिमला जातो. चरबी कमी करण्यासाठी दीड महिन्यापूर्वी रोज सकाळी फुटाळा तलावाकडे सहा किलोमीटर धावणे सुरू केले. रात्रीच्या पोळ्या बंद केल्या; आता फक्त सूप आणि सॅलड घेतो. वजन ८८ वरून ८१ किलोवर आले, मात्र १०० किलोचा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारायची उठाबस) सलग पाच वेळा होत असे, तो आता ८५ किलोवरच अडतो. प्रशिक्षक धावणे सोडायला सांगतात, तर मित्र म्हणतो की चरबी उतरवताना हलकी वजनेच जास्त वेळा उचलावीत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : प्रशिक्षकांचे थोडेसे ऐकावे, मित्राचे मुळीच ऐकू नये. हलक्या वजनाने स्नायू ‘कापीव’ होतात हा समज जिममधून काही केल्या जात नाही. अन्न कमी पडत असताना शरीर ऊर्जेसाठी चरबीबरोबर स्नायूंनाही हात घालते. जड वजनाचा ताण नियमित मिळत राहिला, तरच ते स्नायू राखून ठेवते. म्हणून या काळात उचलायचे वजन कमी करू नये, सेट (सलग उचलींच्या फेऱ्या) कमी करावेत. पाच सेट करीत असाल तर तीन करा, पण ते मनापासून जड असू द्या. आज जे ८५ किलो झेपते तेथून सुरुवात करून दर आठवड्याला अडीच किलो वाढवून पाहावे.

धावण्याचा आणि ताकदीचा झगडा मात्र खरा आहे. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाने आठवड्यातून पाच दिवस वजने उचलली आणि सहा दिवस धावणे व सायकलिंगही केले. त्यांची ताकद सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थबकली आणि शेवटी घसरली. नुसती वजने उचलणाऱ्यांची वाढतच राहिली. पुढील संशोधनातून असे दिसले की कार्डिओ, म्हणजे धावणे-सायकलिंगसारखा दमसासाचा व्यायाम, माफक असेल, तर स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद यांवर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे दोष कार्डिओचा नसून त्याच्या मात्रेचा आहे, आणि तुमची मात्रा रोजची आहे.

त्यातही धावणे पायांना अधिक महागात पडते, कारण प्रत्येक पावलाला अंगाचा भार झेलावा लागतो. सायकल किंवा झपझप चालणे त्या मानाने सौम्य. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस वजने ठेवावीत आणि उरलेल्यांपैकी दोन किंवा तीन दिवस ३० ते ४० मिनिटे सायकल चालवावी. धावण्याची आवडच असेल तर एक दिवस धावावे, पण तो स्क्वॉटच्या आदल्या दिवशी नसावा. दोन्ही एकाच दिवशी करणे भाग पडले, तर आधी वजने उचलावीत आणि मध्ये काही तासांची फट ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सकाळी आठनंतर घराबाहेरच्या व्यायामाचा हट्ट नागपुरात धरू नये.

तरीही मला खरी गडबड ताटातच दिसते. धावताना शरीराच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. म्हणजे तुमचे सहा किलोमीटर जवळपास ४९० कॅलरींचे झाले. त्यात रात्रीचे जेवणही गेले. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण ४०० ते ८०० ग्रॅम, एवढी घट पुरेशी असते. तुमची घट किलोच्या वर गेली आहे. ती सगळी चरबी नाही. पोळी-भातासारख्या कर्बोदकांपासून बनून स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि तो साठा आटला की काटाही झरझर खाली येतो. जड स्क्वॉटसाठी लागते ते इंधनही हेच. तेव्हा जिमच्या दिवशी रात्रीच्या दोन पोळ्या परत सुरू कराव्यात.

प्रथिने शरीराच्या दर किलोला किमान १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज सुमारे १३० ग्रॅम हवीत. सूप आणि सॅलडवर ती भरणे शक्य नाही. चार अंड्यांतून साधारण २४ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून २५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमधून ३० ग्रॅमच्या आसपास मिळतात. उरलेली वरण, दही, पनीर यांतून भरून काढावीत. (रविवारच्या तर्री पोह्यांवर माझा आक्षेप नाही, पण तर्रीवरचे तेल हिशेबात धरा.) मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

पुढचे तीन आठवडे काट्याऐवजी बेंबीपाशी कमरेचा घेर मोजावा आणि स्क्वॉटची नोंद ठेवावी. घेर कमी होत असेल आणि स्क्वॉट स्थिर असेल, तर काहीही बदलू नये. पोटभर प्रथिने आणि पुरेशी झोप मिळूनही थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.