सायफरला व्हिलन केलं नसतं तर?

तुझा मेसेज दोनदा वाचला. सिनेमे, सिरीज बघून फिलॉसॉफी शिकता येते का, की हा नुसता टाइमपास, असं विचारलंयस. येते की, फक्त सिनेमा संपल्या संपल्या शेवट समजावून सांगणारे व्हिडिओ लावतोस ना, ते आधी बंद कर.

'द मॅट्रिक्स' (१९९९) घे, त्यात मशीन्सनी माणसांना एका खोट्या, भासाच्या जगात अडकवलंय. सगळे लाल गोळी (सत्य बघ), निळी गोळी (भासातच राहा) करतात आणि मग तत्त्वज्ञ देकार्त, त्याने १६४१ मध्येच विचारलं होतं की एखादा कपटी सैतान मला सगळं खोटंच दाखवत असेल तर, वगैरे. ठीकच आहे ते, पण माझा जीव अडकलाय सायफरच्या स्टेकमध्ये. सायफर म्हणजे त्या भासातून बाहेर पडलेल्या बंडखोरांपैकी एक. काट्याला तुकडा टोचून समोर धरलाय, पक्कं माहितीये की हा तुकडा मुळात नाहीच, मशीन मेंदूला चव सांगतंय, तरी मिटक्या मारत खातो आणि म्हणतो मला परत आत टाका, बाहेरचं काही आठवायला नको.

पुढे सिनेमा त्याच्या हातून साथीदारांचे खून करवतो. झालं! तो व्हिलन, आपण सुटलो, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळच येत नाही. म्हणून तू काय कर, ती दगाबाजी काढून टाक. समज कुणाच्या केसालाही धक्का न लावता तो गुपचूप परत गेला. आता चुकला का? नेमकं कुठे? तीन ओळी लिही, मग तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक वाच. १९७४ च्या पुस्तकात त्याने हवा तो अनुभव देणारं मशीन मांडलंय आणि विचारलंय, स्वतःला जोडून घ्याल का. त्याचं म्हणणं नाही, कारण आपल्याला गोष्टी केल्याचा भास नको असतो, त्या खरंच करायच्या असतात. मला पूर्ण पटत नाही हां, दमलेल्या माणसाला विचारून बघावं त्याने.

'द गुड प्लेस' या सिरीजमधला ट्रॉलीचा एपिसोड त्यामानाने प्रामाणिक. तत्त्वज्ञ फिलिपा फूटचा १९६७ चा प्रश्न, न थांबणारी ट्रॉली (ट्राम) रुळावरच्या पाच माणसांवर चाललीय, दुसऱ्या रुळावर एक, ट्रॉली तिकडे वळवायची का. फळ्यावर मस्त सुटतो. इथे नीतिशास्त्राच्या मास्तरालाच ट्रॉलीत उभं केलंय, तो थिअरी आठवत बसतो तोवर वेळ संपते आणि रक्त थेट तोंडावर.

असो, सायफरच्या तीन ओळी पाठव. 'डिपेंड्स' लिहिलंस तर कशावर तेही लिही.