वाचक विचारतात : तोमितांची शिट्टी

प्रश्न : मी अहिराणी गाण्यांना कीबोर्ड वाजवतो. जपानच्या इसाओ तोमितांनी सिंथेसायझरवर एकट्यानं अख्खा ऑर्केस्ट्रा उभा केला म्हणतात. ते कसं? आणि त्यांचा तो शिट्टीसारखा आवाज माझ्या कीबोर्डवर निघेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : तोमितांनी (१९३२–२०१६) १९७१ मध्ये अमेरिकेहून मूग मॉड्युलर हा सिंथेसायझर मागवला. ते कपाटाएवढं धूड वाद्य आहे, हे कस्टमवाल्यांना पटेना. त्यावर एका वेळी एकच सूर वाजतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर, हवा तर तीनदा वाजवायचं, तीनदा टेप फिरवायची. फ्रेंच संगीतकार देबुसीच्या पियानोरचना त्यांनी अशा सुरासुरानं १६ ट्रॅकच्या (शेजारी शेजारी १६ ध्वनिपट्ट्या असलेल्या) टेपवर चढवल्या. १९७४ ची ‘स्नोफ्लेक्स आर डान्सिंग’ ही रेकॉर्ड व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. ट्रॅक संपले की काही एकत्र करून जागा करायची. पण तेव्हा टेपची खरखरही जमा होते, आणि मिसळलेल्यातला एखादा सूर चुकला तर तो वेगळा काढता येत नाही.

मूगमध्ये सुराची उंची विजेच्या दाबावर ठरते : १ व्होल्टला एक सप्तक, म्हणजे लगतच्या दोन कळांत जेमतेम ८३ मिलिव्होल्टचं अंतर. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) तापला की सूर सरकतो. भुसावळच्या मे महिन्यात कुणी जुना ॲनालॉग सिंथ वापरत असेल, तर तो अर्धा तास आधी चालू करावा, कूलरचा झोत त्यावर येऊ देऊ नये आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनर लावावा. डिजिटल कीबोर्डला हा त्रास नाही.

आता शिट्टी. ती नक्की निघेल. कीबोर्डवर टोन एडिट (आवाज बदलायची सोय) नसेल तर मोबाइलवरचं सिंथ ॲप घ्या. एकच ऑसिलेटर, साइन वेव्ह (सर्वांत साधी, गुळगुळीत ध्वनिलहर), मोड मोनो (एका वेळी एकच सूर). अटॅक (सूर पूर्ण उमटायला लागणारा वेळ) ४० मिलिसेकंद, पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड) ७० मिलिसेकंद. व्हायब्रेटो (सुराचा कंप) सेकंदाला ५–६ हेलकावे, तोही सूर लागल्यावर पाव सेकंदानं. पहिल्यापासून ठेवलात तर सायरन वाजतो. फुंकरीसाठी व्हाइट नॉइज (‘स्स्स’ असा खरखराट) मिसळा, पण साइनपेक्षा ३० डेसिबल तरी खाली. मधल्या सी च्या वरची दोन सप्तकं वापरा. त्याखाली शिट्टीचा घुमा होतो. खरी गंमत बोटांत आहे : पुढची कळ दाबल्यावरच मागची सोडा. आधी सोडलीत तर बऱ्याच सिंथवर मींड येतच नाही, सूर तुटक पडतात.

मागे कॉर्ड हवा असेल तर तोमितांसारखाच एका ट्रॅकवर एकच सूर घ्या, आणि क्वांटाइज (सूर आपोआप तालाच्या मात्रेवर बसवणारी सोय) लावू नका. सूर १०–२० मिलिसेकंदांनी मागेपुढे पडले की अनेक माणसं वाजवत असल्यासारखं वाटतं.